पलीकडचं पाणी

कांदा काटायला बसलं की दोन गोष्टी विसराव्या लागतात, कंबर आणि घड्याळ. कुंडलिकबाबांना दोन्ही विसरता येत नव्हतं. ऐंशी कधीच ओलांडलेली, तरी सगळ्यांच्या आधी आंब्याखाली गोणपाट टाकून ते बसत आणि विळ्यानं पात छाटत राहत. रोजाच्या बायका पलीकडे ओळीनं बसलेल्या, त्यांच्यात सून रत्नाही. त्यांच्या गप्पा चालत, हसणं चालत. म्हातारं माणूस जवळ असलं की बायकांना मोकळं बोलता येत नाही, म्हणून बाबा आपणच लांब बसत. दिवसभरात त्यांच्या वाट्याला दोनच वाक्यं येत, "मामा, सावलीला सरका," आणि "मामा, जेवायला चला." दोन्ही वेळेला ते निमूट उठत.

चैत्र सरत आला होता आणि ऊन मी म्हणत होतं. मीना नदीला धार म्हणावी अशी राहिलीच नव्हती. केटी बंधाऱ्याच्या लोखंडी ढाप्यांमागे तेवढा एक डोह उरला होता. अलीकडच्या बोरवस्तीचे आणि पलीकडच्या जांभूळवाडीचे पाइप त्यात तोंड घालून पडले होते, डुकरिणीला पिलं लागावीत तसे. अलीकडची कड जुन्नर तालुक्यात, पलीकडची आंबेगावात, त्यामुळे तक्रार कुठल्या कचेरीत करायची यावरूनही भांडण. धरणाचं आवर्तन आज सुटतंय, उद्या सुटतंय, हे रोज मोबाइलवर यायचं. नदीत काही यायचं नाही. त्यातच परवा बाबांच्या मुलाचा, सुदर्शनचा, पाइप कुणीतरी कापला. कापणारा कुणी पाहिला नव्हता, पण सुदर्शननं नाव ठरवून टाकलं होतं. पलीकडचा दादाभाऊ. हौशीरामचा मुलगा.

हे नाव घरात निघालं की बाबा उठून गोठ्याकडे जात. पाइपाचं त्यांना काही नव्हतं. हौशीरामचं होतं.

त्या दिवशी दुपारी स्कूटीवरून एक मुलगी आली. मंचरच्या खेमचंदशेठची नात, रिद्धी. शेठच्या दुकानातून बोरवस्तीनं कैक वर्षं पेंड आणि मीठ नेलं होतं, त्यामुळे आजोबांचं नाव सांगताच तिला गोणपाटावर जागा झाली. पुण्याची कुठलीशी संस्था होती. मोटारी आणि कालवे यायच्या आधी नदीचं पाणी ज्यांनी वाटलं, त्यांच्या आठवणी ती संस्था त्यांच्याच आवाजात जपून ठेवणार होती. रिद्धी त्यासाठी गावोगाव हिंडत होती.

"यंत्रात बोलायचं?" बाबांनी विचारलं.

"नुसतं बोलायचं. यंत्र आपलं पडून राहील."

"मग बोलतो. न्हाईतरी हितं पडून ऱ्हायलेल्यांशीच बोलतो मी," बाबा म्हणाले आणि ढिगातला पुढचा कांदा उचलला.

रत्नानं पाण्याचा पेला आणला. रिद्धीनं हात जोडले. "राग मानू नका काकू. मी उकळलेलंच पाणी पिते. बरोबर आणलंय. नियम आहे माझा."

रत्नाचा चेहरा जरासा पडला. मंचरची शेठाणी आपल्या घरचं पाणी पीत नाही, असं तिनं मनात घेतलं असणार. बाबांच्या डोळ्यांत मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"आन् तुझी बाटली संपली, तर?"

"उकळून कुणी दिलं तर पिते. नाहीतर राहते तशीच."

"तहान लागली तरी?"

"नियम तहानेला विचारून घेत नाहीत ना, आजोबा."

बाबांनी विळा खाली ठेवला. गुडघ्यावर हात रेटून उठले, घरात गेले आणि माळ्यावरून एक तांब्या घेऊन आले. फिरकीचा, झाकण आटे पाडून बसवलेला. पितळ काळं पडलं होतं, पण फिरकी अजून घट्ट होती.

"मी बी मपलं पाणी घेऊन फिरलो, पोरी. हे बघ."

मग ते बोलत राहिले आणि विळा तसाच पडून राहिला. पलीकडच्या बायकाही थोड्या वेळानं गप्प होऊन ऐकू लागल्या.

"तवा हा केटी नव्हता. दगडी बांध व्हता आन् दोन कडंनं दोन पाट. डावा बोरवस्तीचा, उजवा जांभूळवाडीचा. पाणी सोडायला दोन पाटकरी. पन अलीकडच्या पाटावर पलीकडचा गडी, आन् पलीकडच्या पाटावर अलीकडचा."

"म्हणजे तुम्ही बोरवस्तीचे, आणि पाणी द्यायचात जांभूळवाडीला?"

"हां. आन् आमच्या रानाला पाणी द्यायचा हौशीराम, तिकडचा. मी त्याच्या भावकीचं रान वाळवलं तर तो मपल्या भावकीचं वाळवल. लबाडी करायची कुनाची टाप न्हाई."

"कुणी ठरवलं होतं हे?"

"ते काय मला ठावं न्हाई. आमच्या आज्याच्या आधीपासून व्हतं. बांधावर उभं ऱ्हायचं, खंडोबाचा बेलभंडार उचलायचा आन् आण घ्यायची. ज्या गावाला पाणी द्यायचं त्या गावचं पाणी प्यायचं न्हाई. घोटभर बी न्हाई."

"का?"

"ज्याचं पाणी पिलं त्याला न्हाई म्हनता येत न्हाई, पोरी. आन् पाटकऱ्याचं कामच न्हाई म्हनायचं असतं."

त्यांच्या बायकोची, साळुबाईची, धाकटी बहीण जांभूळवाडीत दिली होती. तिच्या लग्नात बाबा मांडवात उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि उपाशीपोटी नदी ओलांडून घरी आले. सासुरवाडीची माणसं म्हणाली, जावयाला भलताच ताठा आहे. वैशाखात पाळी लांबली की फिरकीच्या तांब्यातलं पाणी दुपारलाच संपे. घशाला कोरड पडे, ओठांची सालं निघत. दारं धरणारे शेतकरी बांधावर बसून गटागटा पाणी पीत आणि एखादा वात्रट मुद्दाम तांब्या पुढे करी. "घ्या की पाटकरी, आमी काय कुनाला सांगतोय?" बाबा तोंड फिरवून पाटाकडे बघत. पाटात पाणी वाहतच असे. आणि संध्याकाळी बांधावरून येताना दिसले की साळुबाई उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी असे. खोरं खांद्यावरून उतरायच्या आत ती म्हणायची, "घ्या, पाणी घ्या." दुसरं बोलणं मग.

"हौशीरामबाबाही असेच?"

"तो बी तसाच. दोघांनी तांबे ओझरच्या जत्रंत संगंच घेतले. ओझर तिसरं गाव, तिथं आमाला मोकळीक. वर्सातनं एकदा एका बाकड्यावर बसून चहा प्यायचो आमी." बाबा हसले. "पोरी बघायला गेल्यागत वाटायचं."

रिद्धीही हसली. मग तिनं विचारलं, "आमच्यात नियम घेतला की तो सोडायचीही रीत असते. पारणं करावं लागतं, त्याशिवाय नियम सुटत नाही. तुमचं पारणं कधी झालं, आजोबा?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मुलानं नाही, गावानं नाही.

"झालंच न्हाई," ते म्हणाले.

रीत तशी साधी होती. पाटाच्या तोंडाशी ज्याचं पहिलं रान, त्या घरानं पाटकऱ्याला बोलवायचं आणि आपल्या हातानं पाणी पाजायचं, की तो सुटला. पाटकऱ्यानं मागायचं नाही. आता डाव्या पाटाच्या तोंडाशी बाबांचंच रान, आणि उजव्याच्या तोंडाशी हौशीरामचं. म्हणजे याला त्यानं सोडवायचं आणि त्याला यानं. मोटारी आल्या, कालव्याचं पाणी आलं, एका पुरात दगडी बांध वाहून गेला, केटी झाला. पाट बुजले, त्यांवर ऊस उभा राहिला. पाटकरी कुणाला नको झाले. तेव्हाच दोघांनी एकमेकांना पाणी पाजायचं, तर दोघांनीही नाही पाजलं. पाजलं म्हणजे काम संपलं हे कबूल करायचं, आणि ते दोघांच्याही जिवावर आलं. त्याऐवजी रोज संध्याकाळी हा अलीकडच्या कडेला येऊन बसायचा आणि तो पलीकडच्या. मधे सगळा बंधारा. इकडून हाक जायची, "काय पाटकरी, पाणी काय म्हनतंय?" आणि तिकडून उत्तर यायचं, "म्हनतंय, चाललो." एवढंच. त्यावर वीसेक वर्षं निघाली.

"आता नाही बसत?"

"न्हाई."

"का?"

बाबांनी विळा उचलला, दोन कांदे काटले.

"त्यानं आण मोडली. साळुबाई गेली त्या दिशी सगळा गाव दारात. हौशीराम बी आला. मी मागल्या वट्यावर बसलो व्हतो. परसाच्या भिंतीआड तो गेला आन् पाणी पिला. भिंतीवरनं त्येवढी मान दिसली, वर करून घटाघटा पिताना. मपल्या दारात. मी सोडवला नसताना." त्यांचा आवाज खाली गेला. "समद्या जगानं मोडली असती तर मला काय वाटलं नसतं. पन त्यानं मोडायला नको व्हती. आन् त्या दिशी तर नकोच."

साळुबाईला जाऊन दहा वर्षं झाली होती. त्या दिवसापासून बाबा बंधाऱ्यावर गेले नव्हते. बायको गेली आणि मित्रही, एकाच दिवशी. बायकोसाठी रडायला माणसं जमली होती. मित्राचं त्यांनी कुणाला सांगितलंही नाही.

रिद्धीनं यंत्र हातात घेतलं. मग म्हणाली, "आजोबा, मी माघात पलीकडे गेले होते. हौशीरामबाबांचं बोलणं घेतलंय. त्यात तुमच्यासाठी निरोप आहे. मधे परीक्षा आली, मला यायला उशीर झाला. ऐकता?"

बाबांनी हातातला विळा खाली ठेवला. तिनं यंत्र त्यांच्या कानाशी धरलं. आधी भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी खोकलं, आणि मग दहा वर्षांनी तो आवाज.

"...कुंडलिकची बायकू गेली तवा मी गेलो व्हतो. उनाचा चालत. घसा सुकला. त्याच्या परसात भिंतीआड जाऊन पिलो. तांब्या मपलाच, पाणी बी मपलंच. पन लई वंगाळ वाटलं. वाटलं, आज तरी ह्यानं हाक मारावी. पन त्याच्या कुठलं ध्यानात, त्याचं घर बुडालेलं. तवापासून तो बांधावर येत न्हाई. दुःखानं येत न्हाई आसंल. मी आपला जाऊन बसतो. तुला भेटला तर सांग त्याला. म्हनावं, पलीकडं कुनी न्हाई, पाणी काय म्हनतंय ते मी कुनाला सांगू?"

बाबांनी हातानं खूण केली. "त्येवढं परत लाव. तांब्याचं."

तिनं परत लावलं. तांब्या मपलाच. बाबांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं नाही. पुढ्यातल्या काळ्या तांब्याकडे बघत राहिले. त्याच्यासारखाच दुसरा हौशीरामजवळ होता, हे जगात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ओझरला दुकानदारानं दोन्ही तांबे एकाच कागदात बांधून दिले होते. आणि तेच नेमकं त्या दिवशी आपल्याला दिसलं नाही. कांद्यानं पाणी यायचं त्यांच्या डोळ्यांनी कधीच सोडलं होतं, तरी त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"अजून बसतो का तो?"

रिद्धीला हे सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. "फाल्गुनात त्यांच्या अंगावरून वारं गेलं, आजोबा. घरीच आहेत. वाचा गेली. नाकातून नळी घातलीय, तिच्यातून पातळ देतात."

तिला पुढे पेठ गावी जायचं होतं. जाताना म्हणाली, "मी नेऊ का तुम्हाला? स्कूटीवर पाच मिनिटांत..."

"पाटकरी चालत जातो," बाबा म्हणाले. तिनं आग्रह केला नाही.

संध्याकाळी सुदर्शन आला. दिवसभर नवा पाइप जोडून पाठीवर घामाचं मीठ उमटलं होतं. पोरगा वाईट नव्हता, दमलेला होता. रत्नानं त्याला सगळं सांगितलं असावं, कारण भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "आबा, तिकडं जायचं न्हाई. लोक म्हनतील सुदर्शननं बापाला पाया पडायला धाडला."

"मी कशाला पाया पडू?"

"मग कशाला जायचंय?"

"पाणी द्यायला."

सुदर्शन हसला. नदीवर पाण्याच्या थेंबासाठी डोकी फुटायची वेळ आली होती आणि बाप पलीकडे पाणी घेऊन निघाला होता. "पाइप कापला त्यांनी, आबा."

"पाइप तुझा कापला. मपलं पाणी निराळं हाय." बाबांनी हात धुतला आणि विषय संपला. निदान त्यांच्यापुरता.

सकाळी त्यांनी चिंच आणि राख घेऊन तांब्या घासला. मनासारखा उजळेना, पण फिरकीच्या कडेला पिवळं दिसू लागलं. घरात प्यायला जारचं पाणी येई, ते बाबांना चालणार नव्हतं. पहिल्या रानाचं पाणी हवं. पाटाचं तोंड जिथं होतं, तिथल्या बांधाला जुनी विहीर होती. मोटर वर्षापूर्वी काढलेली. तळाला थोडं पाणी होतं. त्यांनी रहाटाला दोर लावून बादली सोडली. ती ओढताना खांदे निखळतात की काय असं झालं. मधे दोनदा दोर कठड्याला अडकवून त्यांना दम घ्यावा लागला. वर आलं ते पाणी गढूळ होतं. धोतराच्या सोग्यातून गाळून त्यांनी ते तांब्यात भरलं, फिरकी घट्ट केली आणि दुपार कलल्यावर निघाले.

बंधाऱ्यावर पोरं बसली होती. डोहातले पाइप राखायला पलीकडच्यांनी पाळ्या लावल्या होत्या. एकानं पाय आडवा घातला.

"कुनाकडं, बाबा?"

"हौशीरामकडं."

"अलीकडचे का तुमी?" दुसऱ्यानं तांब्याकडे बोट केलं. "काय हाय त्यात?"

"पाणी."

सगळे खोखो हसले. "आमच्या गावात पाणी? आमी काय तहानलेलो हाय व्हय?" एकानं तांब्या ओढून घेतला, फिरकी उघडून नाक लावलं आणि उलटा करण्यासाठी हात तिरका केला. बाबांनी नुसता त्याचा हात धरला. म्हाताऱ्या हातात जोर तो कितीसा असणार, पण पोरगा थांबला. बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळ, नाक, सगळं ओळखीचं. याच्या आज्याच्या भुईमुगाला पाळी चुकली तेव्हा आजा बांधावर आडवा पडला होता, आणि तरी बाबांनी त्याला नाही म्हटलं होतं. हे सांगून आता काय उपयोग. पोरानं तांब्या परत दिला आणि पाय काढून घेतला. थोडं पाणी सांडलं होतं.

पलीकडच्या कडेला एक गुळगुळीत झालेला दगड होता. हौशीरामचा. त्यावर वाळलेली पानं साचली होती. बाबांनी ती हातानं झाडली आणि पुढे गेले.

दादाभाऊ अंगणात ट्रॅक्टरखाली आडवा होता. बाहेर आला, हात काळे. बाबांना ओळखायला त्याला वेळ लागला, आणि ओळखल्यावर कपाळाला आठी पडली.

"सुदर्शननं धाडलं का?"

"न्हाई. मी हौशीरामला पाणी पाजायला आलोय."

दादाभाऊ एकदम ताठ झाला. आजारी माणसाला परक्यानं येऊन पाणी पाजायचं म्हणजे काय, हे कुणाला सांगायला लागतं? "बाप जित्ता हाय मपला. कोन मेलंय आसं समजून आलात?"

बाबांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. शरमेनं त्यांचे कान तापले. काय आणि कसं सांगावं? आण, पाट, तांब्या, हे सगळं अंगणात उभं राहून सांगायचं म्हणजे पन्नास वर्षं सांगायची. ते नुसते उभे राहिले, तांब्या पोटाशी धरून. परत फिरावं असंही वाटलं.

आतून दादाभाऊची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "येऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "मामा त्या पोरीला सांगत व्हते तवा मी चुलीपाशीच व्हते. कुंडलिकबाबा ना तुमी? या. लई उशीर केला."

लई उशीर केला, हे ती सहज म्हणाली. बाबांना ते लागलं.

हौशीराम खाटेवर होता. बाबांनी मनात धरलेला हौशीराम बंधाऱ्याच्या पलीकडून ओरडणारा होता, छातीनं भरलेला. इथं चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटत होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, नाकात नळी, ओठांवर पांढरे पापुद्रे. उजवा हात मेलेला. डावा चादरीवर पडलेला, त्याची बोटं मात्र हलत होती, दार धरताना माती चाचपावी तशी. डोळे उघडे होते. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि मग बाबांच्या हातातल्या तांब्याकडे. तिथून ते हलले नाहीत.

"डाक्टरनी तोंडानं काय द्यायचं न्हाई सांगितलंय," सून म्हणाली. "घोट बी छातीत उतरतोय."

बाबा खाली बसले. दहा वर्षं उशीर झाला होता, आणि आता ज्याला पाजायचं त्याला गिळताच येत नव्हतं. त्यांना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, साळुबाईच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी निदान रागवायला कुणीतरी होतं.

"मग मी बी तसाच ऱ्हातो," ते हौशीरामला म्हणाले. "दोघं सुटलो तर सुटू. न्हाईतर दोघं ऱ्हाऊ."

हौशीरामच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता. डावा हात उठला, तोंडाकडे गेला आणि मधेच पडला.

सून म्हणाली, "ओठ ओले करायला चालतंय. मी कापसानं करते दिवसातनं चार वेळा."

तिनं कापूस दिला. बाबांनी फिरकी उघडली, कापूस पाण्यात बुडवला आणि पिळला. दोन थेंब चादरीवर पडले. "पाटकरी," ते म्हणाले, "आमच्या घरचं पाणी. पहिल्या रानाचं. घ्या." आणि हौशीरामच्या ओठांवरून कापूस फिरवला. पापुद्रे भिजले. ओढलेल्या तोंडातून जिभेचं टोक हळूच बाहेर आलं, ओठावरून फिरलं आणि आत गेलं.

दादाभाऊ दारात उभा होता. त्याला सगळं कळलं असेल असं नाही. पण त्यानं काळे हात पाठीमागे घेतले होते.

हौशीरामचा डावा हात पुन्हा हलू लागला. खाटेच्या कडेला, खाली, चाचपत. सुनेला उमगलं. खाटेखाली दुसरा तांब्या होता, फिरकीचाच. तिनं तो माठातून भरून आणला आणि सासऱ्याच्या हाताला लावला. बोटांना धरता येत नव्हतं. बाबांनी आपला हात त्या हाताखाली धरला. दोघांच्या हातांनी तांब्या उचलला गेला आणि कुंडलिकबाबा जांभूळवाडीचं पाणी प्यायले. थांबून थांबून, सगळा तांब्या. पाण्याला काही निराळी चव नव्हती. मीनेचंच ते. एवढ्यासाठी का आपण अख्खा जन्म सुकत राहिलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच वाटलं, हो, एवढ्यासाठीच.

ते तिथं उन्हं उतरेपर्यंत बसले. उठताना वाकून हौशीरामच्या कानाशी म्हणाले, "काय पाटकरी, पाणी काय म्हनतंय?" आणि थोडं थांबले. उत्तर त्यांना पाठ होतं. हौशीरामनं डोळे मिटून घेतले.

परतताना बंधाऱ्यावरच्या पोरांनी वाट दिली. बाबा अलीकडच्या कडेला आले, आपल्या जुन्या जागेपाशी. बसावं असं वाटलं, पण बसले नाहीत. समोरचा दगड रिकामा होता, आणि आता रुसून बसायलाही काही उरलं नव्हतं. तांब्या काखेत घेऊन ते शेताच्या कडेनं घराकडे निघाले. आंब्याखाली बायका अजून कांदा काटत होत्या, रत्ना त्यांच्यातच होती. कुणी वर पाहिलं नाही.

घराचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. उंबऱ्याशी येताच त्यांची पावलं सवयीनं थांबली, पूर्वी बांधावरून आल्यावर जिथं थांबत तिथंच. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं आणि रिकाम्या उंबऱ्याला सांगितलं,

"राहू दे गं. पिऊन आलो."